पाकोळीचं घरटं

दादाच्या गॅलरीत छताखाली पाकोळीच्या जोडीने मातीचं घरटं बांधलं होतं. मुळात कातळकड्यांवर राहणारी ही करडी, लहानशी पाखरं आता आपल्या इमारतींनाच कडे समजतात. ओल्या मातीची एकेक गोळी चोचीत धरून आणतात आणि अर्ध्या वाटीएवढं घर भिंतीला चिकटवतात.

नवरा गेल्यावर सुमनताई दादाकडे राहायला आली होती. दुपारभर ती त्या घरट्याकडे बघत बसायची. मी तिला भेटायला गेले, त्याच दिवशी दादाने काठीने ते पाडलं.

"नुकता रंग दिलाय भिंतीला," तो म्हणाला. "एकदा राहू दिलं की कायमचं ठाण मांडतात."

वहिनी हसली. ताईने हातातला चहा न पिताच खाली ठेवला.

संध्याकाळी पाकोळ्या परतल्या. भिंतीपाशी यायच्या, टेकायला काही मिळालं नाही की वळायच्या आणि पुन्हा यायच्या. दुसऱ्याच्या भिंतीवरचं घर आपलं नसतं, हे पाखरांना कोण सांगणार? माणसाला मात्र ते एका वाक्यात कळतं.

दुसऱ्या दिवशी ताईने बॅग भरली. दादा गोंधळला. "अगं सुमन, मी पाखरांबद्दल बोलत होतो!"

"माहितीये," ताई म्हणाली. "म्हणूनच इतकं मोकळेपणाने बोललास."

यावर दादा 'थांब' म्हणाला नाही. रिक्षा मात्र त्यानेच बोलावली, आणि ताईची बॅग स्वतः उचलून खाली नेऊन ठेवली.