आधी बोट, मग सुरी

भुतंखेतं, दृष्ट, करणी... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी सरळ हसायची. रस्त्यात लिंबू-मिरची दिसली तर मुद्दाम तिच्यावर पाय देऊन जाणाऱ्यातली मी. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. ऐंशीच्या दशकात मी दिल्लीतच डॉक्टर झाले. पहिल्या वर्षी शरीररचना शिकवायला कर्णिक मॅडम होत्या — मूळच्या पुण्याच्या, अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली. मृतदेहाच्या मानेपाशी आमची सुरी घाईने फिरली, की ती पेन्सिल टक्कन बोटांवर बसायची. "थांब! आधी बोट, मग सुरी. पुस्तकातली मान फक्त पुस्तकात असते." कुणाच्या धमनीला एक फाटा जास्त, कुणाची वाकडी, कुणाची भलत्याच उंचीवर... सगळं वहीत काढायला लावायच्या. रविवारी आम्हा मराठी मुलींना घरी बोलवून थालीपीठं खाऊ घालायच्या, आणि थंडीतल्या उन्हात मुंगफली सोलता सोलता पुन्हा धमन्याच! किती छळायच्या, आणि किती जीव लावायच्या. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

पुढे मॅडम निवृत्त होऊन पुण्याला गेल्या. मी कान-नाक-घसा विभागात लागले.

फेब्रुवारीतली सकाळ, अकराचा सुमार. सरोजिनी नगरच्या बाजारात स्वेटर विकणाऱ्या वर्माजींना आणलं. घशातल्या गाठीने श्वास कोंडलेला, ओठ निळे. सीनियर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. पूर्ण भूल देण्यात धोका होता. फक्त मान बधिर करून, ते जागे असतानाच श्वासनलिकेला छेद द्यायचा होता. दारात त्यांची बायको — "डॉक्टर साहिबा, बचा लीजिए इन्हें!"

त्वचा कापली, स्नायू बाजूला केले, सुरी खाली नेली... आणि माझ्या बोटांवर टक्कन काहीतरी बसलं. मी थांबले. समोरच्या सिस्टरचे दोन्ही हात कामात होते. मी जखमेत बोट घातलं, तर खाली धडधडत होतं! छातीत असायला हवी ती मोठी धमनी वर चढून बरोब्बर श्वासनलिकेवर आडवी आली होती. सुरी आणखी जरा सरकली असती, तर माणूस टेबलावरच गेला असता. मी वरच्या बाजूने छेद घेतला, नळी घातली. वर्माजींनी लांब श्वास ओढला.

भास झाला असेल, जुनी सवय — मी स्वतःला समजावलं.

तिसऱ्या दिवशी राउंडला गेले. नळीमुळे वर्माजींना बोलता येत नव्हतं, म्हणून पाटी दिली होती. त्यांनी लिहिलं, "आपके साथ वो मैडम कौन थीं? जूड़े में पेंसिल वाली?"

अंबाड्यात पेन्सिल! श्वास कोंडला की माणसाला काहीबाही दिसतं, मान्य. पण पेन्सिल? मॅडमबद्दल मी तिथे कुणाशी अवाक्षर बोलले नव्हते.

मे महिन्यात मुद्दाम पुण्याला गेले. मॅडम ठणठणीत, कुंड्यांना पाणी घालत होत्या. सगळं ऐकून हसल्या. "अगं, मी कुठली येतेय दिल्लीला? गुडघे बघ माझे!" मग एकदम विचारलं, "पण तो माणूस... जगला?"

"जगला, मॅडम."

त्यांनी झारी खाली ठेवली. "माझा नव्हता जगला गं. अशीच धमनी, माझ्या सुरीखाली. त्यानंतर जिवंत माणसाला सुरी लावायचा धीरच झाला नाही."

इतक्या वर्षांत त्या हे कधी बोलल्या नव्हत्या. त्या सकाळी माझ्याशेजारी कोण उभं होतं, मला अजूनही माहीत नाही. खोदून विचारायचं ठरवून गेले होते... ते राहूनच गेलं. आम्ही दोघी तिथेच पायरीवर बसून रडलो.