खरवडलेलं नाव

काल सकाळी दारात सडा टाकला, चिंच लावून समया घासल्या आणि पेणच्या रस्त्याकडेला माझा जुन्या वस्तूंचा ठेला मांडला. हल्ली लोक थांबतात, वस्तूंना हात लावतात आणि पुढे जातात.

दुपारी एक माणूस पितळी तांब्या विकायला घेऊन आला. मी निडी गावचा, म्हणाला. तांब्या छान होता, पण त्यावरचं नाव नुकतंच कानशीने घासलेलं. खाली फक्त 'स्मरणार्थ' एवढंच उरलं होतं. चोरीचा असणार, असंच मला वाटलं.

"कोणाचा रे हा?"

"वडलांच्या नावाचा. घरचाच हाय, मावशी."

"मग नाव खरवडलंस कशाला?"

"कुणी वाचून आयला सांगितलं तर?"

"आयला घेऊन ये. मग घेते."

"तांब्या घ्यायचाय का सोयरीक जुळवायचीय? राहू दे, रोह्याला इकतो."

तो गेला. चांगली वस्तू हातची गेली, पण मनात दुसरंच घोळत राहिलं. आमचे हे गेले त्यानंतर वर्षश्राद्धाला त्यांच्या नावाचे असेच तांबे मी नातेवाइकांना वाटले होते. ते आज कुठे असतील?

मंडळी, तुमच्याकडे कुणाच्या नावाचं भांडं आहे का? शेवटचं कधी बघितलंत?

आज सकाळी मी जिते गावी नणंदेकडे गेले आणि पाणी मागितलं. तिने स्टीलच्या पेल्यात आणलं. मी म्हटलं, "तांब्यात दे गो."