कोणता जाधव

बहात्तरच्या उन्हाळ्यात आमची स्क्वाड्रन नगरजवळच्या फायरिंग रेंजवर होती. मी दफादार, एका रणगाड्याचा कमांडर. रणगाड्याला आम्ही गाडी म्हणायचो. पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळे शस्त्रांसह सज्ज, उजाडताना इंजिन चालू, ऊन तापायच्या आत फायरिंग. नंतर लोखंडाला हात लावता येत नसे.

एप्रिलमध्ये माझ्या गाडीवर नवा लोडर आला. लोडर म्हणजे तोफेत गोळा भरणारा. हुद्द्याने सवार, म्हणजे साधा शिपाई, नाव जाधव, आमच्याच कोपरगाव तालुक्याचा. गावाकडचा माणूस म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. मला शंका आली. जाधव आडनाव आमच्यात आहे, गावकुसाबाहेरही आहे.

फौजेत जात विचारायची नाही असा दंडक. म्हणून आम्ही पाहुणे विचारायचो. मामा कुठले, बहीण कुठे दिली, घर वेशीच्या आत की पलीकडे. तो हसून म्हणायचा, "पाव्हणं लई पांगल्यात, दफादार." असं मोघम बोलणारा काहीतरी लपवतो, अशी माझी खात्री होत गेली. माझा ड्रायव्हर एकदा म्हणाला, "एवढी चौकशी? जावई करून घेताय काय त्याला?" सगळे हसले. जाधवही हसला.

गाडीत चहाला चौघांत एकच मग. मी त्याच्या आधी पिऊ लागलो. पुढे पित्ताचं निमित्त करून चहाच सोडला. शेवटी रिसालदारसाहेबांकडे गेलो आणि लोडर बदलून मागितला.

"तक्रार काय?"

"हात मंद आहे, साहेब."

"मंद? की दुसरं काही?"

"मंदच, साहेब."

जाधवचा हात स्क्वाड्रनमध्ये सगळ्यांत चपळ होता. साहेबांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी पुढे विचारलं नाही. कागदावर फक्त ड्यूटी बदलली. जाधवला पेट्रोलच्या लॉरीवर जेरीकॅन उतरवायला दिलं. जाताना त्याने विचारलं, "माझं काय चुकलं का, दफादार?"

मी म्हणालो, "ऑर्डर आहे."

त्याच आठवड्यात रेंजवरचं वाळलेलं गवत पेटलं. वारा लॉरीच्या दिशेला होता. वायरलेस सेटवर आवाज आला, "सर्व गाड्या, फायर बंद. हॅच लावा, मागे या. ओव्हर." आम्ही हॅच, म्हणजे वरची झाकणं, लावून आत बसलो. पेरिस्कोपमधून जाधव दिसला. लॉरीचा ड्रायव्हर धुरात कोसळला होता, त्याला तो ओढत बाहेर नेत होता. तेवढ्यात लॉरी पेटली. ड्रायव्हर वाचला. भाजलेला जाधव दुसऱ्या दिवशी इस्पितळात वारला. माझ्या गाडीला ओरखडाही नव्हता.

त्याची ट्रंक घरी पोचवायला मलाच पाठवलं, तालुक्याचा म्हणून. त्याची आई दारात बसली होती.

"तुमीच व्हय ते दफादार? पत्रात लिवलं हुतं त्यानं. आपल्याकडचा मानूस हाय, काळजी करू नको म्हनून." मग ट्रंकेवर हात ठेवून तिने विचारलं, "शेवटपातूर तुमच्याच गाडीवर हुता न्हवं?"

मी हो म्हणालो.

ते घर वेशीच्या आत होतं की पलीकडे, हे मी इथे लिहिणार नाही. तुम्हीही मघापासून तेच शोधत असाल, अशी मला शंका आहे.

सवार भागवत जाधव, लोडर. त्या दिवशी तो माझ्या गाडीवर नव्हता. मी त्याला उतरवलं होतं.