मध्येच मुका होणारा रेडिओ

लग्नानंतर मी अमडापूरला शाळेत शिकवायला लागले, तेव्हा गावात वीज नवीनच आली होती. माझा थोरला भाऊ अकोल्याला रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच्या शेजारी बसून मी कथलाचा डाग द्यायला शिकले होते. त्याच्याकडून सुटे भाग आणून मी घरीच रेडिओ जोडला. सासरे सुतारकाम करायचे, त्यांनी त्याला सागवानी पेटी केली. धूळ जाऊ नये म्हणून मागची फळी त्यांनी इतकी घट्ट बसवली की सुईसुद्धा आत गेली नसती.

संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐकायला अंगणात माणसं बसत. रेडिओ छान सुरू व्हायचा आणि मध्येच मुका व्हायचा. कधी बातम्यांत, कधी पावसाच्या अंदाजात. मी फळी काढून आत पाहायला लागले की थोड्या वेळाने आपोआप बोलू लागायचा. सासूबाई म्हणाल्या, सुनेला बघून तो शहाणा होतो. शेजारी म्हणत, तयारच आणायचा होता. नवऱ्याने तर तो भावाकडे पाठवायचं ठरवूनच टाकलं. मी नाही म्हटलं. मी जोडलेला आहे, खोड मीच काढीन.

मला आधी विजेचाच संशय होता. गावात दिवे सारखे मंद व्हायचे. म्हणून एका रविवारी रेडिओ एसटीने चिखलीला नणंदेकडे नेला. पेटी जड, ती घरीच ठेवली. नुसता आतला सांगाडा कापडात गुंडाळून मांडीवर घेतला. तिथे तो दुपारभर खणखणीत चालला. मी खुशीत परतले आणि सगळ्यांना सांगितलं की दोष आपल्या गावच्या विजेचा आहे. पेटीत घालून लावला, तर बातम्या संपायच्या आत गप्प.

नवरा हसला. मी मात्र पेटीवर हात ठेवून उभी होते. लाकूड चांगलंच तापलं होतं. तेव्हा उमगलं की चिखलीला वीजच नव्हे, पेटीही वेगळी होती. म्हणजे तिथे ती नव्हतीच. तापला की हा मुका होतो, आणि मी फळी काढते तेव्हा गार होऊन बोलतो. म्हणजे मी दर वेळी बरा झालेला रोगी तपासत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्याला मुद्दाम पेटीत कोंडला. आवाज गेल्याबरोबर सांगाडा बाहेर ओढला आणि गार व्हायच्या आत बांबूच्या कोरड्या काडीने एकेक भाग हळूच ठोकत गेले. एका बारक्या रेझिस्टरला काडी लागली आणि रेडिओतली बाई गाऊ लागली. काडी उचलली की गप्प, टेकवली की गाणं. तो आतून तडकलेला होता. तापला की तड फाकायची. भावाने दिलेल्या सुट्या भागांत जोडीचा एक होता, तो लावला.

काम तिथेच संपलं असतं. पण त्या भट्टीत उद्या दुसरा भाग तडकला असता. सासऱ्यांना सांगणं भाग होतं.

"भोकं पाडू म्हनतं? माह्या पेटीले?" त्यांनी विचारलं.

"मामाजी, पेटी चांगली हाय. पन लयच घट्ट झाली. आतल्या गर्मीले बाहेर जायले जागा नाही."

ते बराच वेळ फळीवरून बोटं फिरवत राहिले. मला वाटलं, रुसले. मग फळी उलटी करून त्यांनी माझ्यापुढे खडू धरला.

"कुठं पाडू, ते दाखव."

मी खुणा केल्या. त्यांनी सामत्याने, म्हणजे भोकं पाडायच्या सुतारी हत्याराने, अशी एकसारखी भोकं पाडली की ती नक्षीच वाटावी. त्या संध्याकाळी रेडिओ कार्यक्रम संपेपर्यंत बोलला, आणि अंगणातून कोणी उठलं नाही. पुढे साखरखेर्ड्याच्या एका मास्तरांनी तसाच रेडिओ मागितला. सांगाडा मी जोडला, पेटी सासऱ्यांनी केली. त्या वेळी मागची फळी बसवण्याआधी त्यांनी मला बोलावलं, आणि आम्ही दोघांनी बसून हवेची वाट आधी ठरवली.