सामायिक नको

गिऱ्हाईक दारात आलं की सुमनाक्का त्याला आधी परतवायला बघायची. "एवढं मोठं तुमाला लागत न्हाय," हे तिचं पहिलं वाक्य. बेळगावात वेबसाइटची कामं करणारे बाकीचे लोक मोठ्यातला मोठा सर्व्हर गळ्यात मारायला टपलेले, आणि ही बाई दोन खुर्च्यांच्या ऑफिसात बसून "लहान घ्या" म्हणून सांगायची. हिचा धंदा चालतो तरी कसा, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं.

ती मूळची निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत राबलेली, ही घरातली पहिली डिप्लोमा झालेली. वयानं माझ्याएवढीच, पण सगळे तिला सुमनाक्का म्हणायचे, म्हणून मीही. मी बेळगावातल्याच शहापूरची. सासरी माग आहेत, गल्लीतच साड्यांचं दुकान. साड्या ऑनलाइन विकायच्या म्हणून मी तिच्याकडं गेले. तिनं तासभर नुसते प्रश्न विचारले. साइटवर माणसं दिवसभर थोडी थोडी येणार की लग्नसराईत एकदम? फोटो किती? आणि शेवटी, "बंद पडली तर बघणार कोण?"

मग म्हणाली, "वैनी, शेअर्ड घ्या. शेअर्ड म्हंजे सामायिक हीर. एक सर्व्हर, त्यावर लई जणांच्या साइटी, आणि देखभाल कंपनीची. डेडिकेटेड म्हंजे सोताची हीर. पाणी सगळं तुमचं, पण मोटर जळली तर उतरायचं बी तुमीच. मधला एक प्रकार हाय, धंदा वाढला की तिकडं सरकवू."

इथंच घोटाळा झाला. मी माहेरची खानापूरकडची. आमची विहीर सामायिक होती. त्या विहिरीपायी माझे आबा आणि काका एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, आबांचं निम्मं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवर गेलं. सामायिक हा शब्द ऐकला की माझं डोकंच फिरतं. मी उसळले, "सामायिक नको! एक वेळ साइट नको, पण सामायिक नको."

"अवो वैनी, मी समजावं म्हणून बोलले. हितं कोण भांडाय येत न्हाय."

"ते काही सांगू नकोस. मला माझा स्वतःचा पाहिजे."

"आणि सांभाळणार कोण?"

"तू हाईस की."

ती जराशी थांबली. मग म्हणाली, "व्हय. मी हाय." तिचं ते थांबणं मला तेव्हा दिसलं, पण मी त्यात काही वाचलं नाही.

सर्व्हर माझा एकटीचा झाला आणि त्याची दुखणीही माझी झाली. म्हणजे तिची झाली! आज डिस्क भरली, उद्या कुणीतरी बाहेरून घुसायला बघतंय. मी फक्त मेसेज टाकायचे, "साइट बंद आहे." एरवी ती काय झालं, का झालं, सगळं समजावून सांगायची. पण मंगळवार, गुरुवार, शनिवार तिचं उत्तर एका शब्दाचं, "बघते." मी नवऱ्याला म्हणायचे, काम मिळालं ना, आता बाईला माज आलाय.

दीड वर्ष असं गेलं. लग्नसराईच्या तोंडावर एका गुरुवारी साइट पुन्हा बंद. मेसेजला उत्तर नाही, म्हणून मी तणतणत फोन लावला. उचलला भलत्याच बाईनं. "पेशंट डायलिसिसवर आहेत, नंतर करा." मी म्हटलं राँग नंबर. तेवढ्यात मागून आवाज आला, "वैनी हाईत काय? द्या हिकडं."

मी दवाखान्याचं नाव विचारून घेतलं आणि रिक्षा करून तिथं गेले. डाव्या हाताला नळ्या लावलेल्या, पोटावर लॅपटॉप, आणि उजव्या हाताच्या एका बोटानं ती टाइप करत होती. मला बघून म्हणाली, "धा मिनिटं, वैनी. डिस्कच हाय."

मी खाटेजवळ गेले. "सांगायचं न्हाय का गं, सुमनाक्का?"

"सांगून काय करू? आजारी माणसाकडं कोण सर्व्हर सोपवतंय?"

खरंच होतं ते, मीही सोपवला नसता. मी म्हटलं, "बंद कर ते. शेअर्डवर टाक."

ती हसली. "सामायिक चालंल न्हवं?"

"चालंल गं बाई, चालंल."

दोन दिवसांत तिनं सगळी साइट हलवली. एकही फोटो इकडचा तिकडं झाला नाही. त्यानंतर ती दोन महिने जगली. निपाणीला तिच्या घरी बुद्धवंदना झाली, तिथं मी मागच्या रांगेत बसले. तिच्या आईशी बोलायचं धाडस मला झालं नाही.

साइट त्या शेअर्ड सर्व्हरवर आजही बिनतक्रार चालते. तेव्हापासून दोन लग्नसराया पार पडल्या, एकदाही बंद नाही. म्हणजे पहिल्या दिवशी ती म्हणाली तेच बरोबर होतं, आणि तिची ती सगळी दगदग माझ्या एका शब्दाच्या रागापायी झाली. परवा फोनमधले तिचे माझे जुने मेसेज वर सरकवत बसले होते. माझ्याकडून दीड वर्षभर एकच वाक्य, साइट बंद आहे. "जेवलीस का" एवढं तर मी दारातल्या मांजरीलाही विचारते. तिला नाही विचारलं.