दोन घरांचं एकच लॉन

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या माझ्या घरासमोरचं लॉन अर्धंच माझं आहे. उरलेलं अर्धं शेजारच्या काकांचं. मधे कुंपण नाही. घरं बांधणाऱ्याने घातलं नाही आणि नंतर कुणाला सुचलं नाही. काका नागपूरचे. इथल्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या कारखान्यात उभी हयात घालवून रिटायर झालेले. काकू मी यायच्या आधीच गेल्या. मी पुण्याची. घटस्फोटानंतर इथे आले. आठवड्यातले चार दिवस घरून काम करते, एक दिवस ऑफिसला जाते.

गवत वाढण्याच्या दिवसांत दर शनिवारी अकराला काका मशीन बाहेर काढत. आपलं अर्धं कापून झालं, की तिथेच थांबणं बरं दिसत नाही म्हणून माझंही कापत. मी चहा बाहेर आणून देई. ते मशीन बंद करत, चहा पीत, आणि दहा मिनिटं आम्ही मराठीत बोलत असू. विषय काहीही. हीटिंगचा बॉयलरवाला आला का, विहारात या रविवारी कोण बोललं, दोडका कुठल्या दुकानात ताजा मिळतो. आठवडाभरात माझं मराठी बोलणं तेवढंच. मुलगी मँचेस्टरला असते. ती इंग्रजीत मेसेज करते आणि बहुतेक वेळा नुसता अंगठा पाठवते.

एका वसंतात आमच्या वसाहतीच्या मॅनेजमेंट कंपनीचं पत्र आलं. एरवी गवत घोट्याच्या वर गेलं तर हेच लोक नोटीस पाठवायचे. आता लिहिलं होतं, की मधमाश्या आणि फुलपाखरांसाठी जूनअखेरपर्यंत समोरचं गवत कापलं नाही तरी चालेल. ज्यांना मान्य असेल त्यांनी फॉर्म भरावा. लॉन एकच असल्यामुळे मी दोन्ही घरांचे नंबर टाकून फॉर्म पाठवून दिला. मला कामं रेंगाळलेली आवडत नाहीत. शिवाय काकांचा गुडघा दुखायचा. संध्याकाळी त्यांना दारात गाठून सांगितलं, "काका, आता तीन महिने तुम्हाला सुट्टी."

ते थोडा वेळ पत्र बघत राहिले. "बरं झालं," म्हणाले. "माश्यांचं तं भलं होईन."

पहिल्या शनिवारी शांतता बरी वाटली. दुसऱ्या शनिवारी मी अकराला चहा टाकला, एकटीनेच प्यायले आणि कपाट आवरलं. तिसऱ्या शनिवारी आवरायला कपाट उरलं नव्हतं. लॉनवर डेझीची फुलं आली, मग पिवळी डँडेलियन, मग पांढरं क्लोव्हर. मधमाश्याही आल्या, पत्रात म्हटल्याप्रमाणे. काका मात्र दिसेनात. गाडी जागेवर, पडदे सकाळी उघडत, रात्री बंद होत. म्हणजे ठीक होते. बाहेर यायला त्यांना कारण नव्हतं आणि त्यांच्याकडे जायला मला. ते कारण मीच फॉर्म भरून काढून टाकलं होतं. दार वाजवून "बोलायला आले" म्हणायचं, हे मला जमणारं नव्हतं.

मेच्या शेवटी ते एकदा पायरीवर बसलेले दिसले. मी कचऱ्याची पिशवी टाकून तशीच त्यांच्याकडे गेले.

"काय काका, दिसत नाही हल्ली!"

"गवत गेलं, चहा गेला," ते हसून म्हणाले. "मजुरी बंद, तं मजूर कशाले येईन बाप्पा?"

"मजुरी काय काका! या ना शनिवारी घरी. आत बसून चहा घेऊ."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणून राहिल्या तुम्ही हे. आत या."

मी म्हटलं, तुमच्या बुटांना गवत असायचं, हात मळलेले असायचे, म्हणून मी बाहेर आणत होते.

"हो ना. अन् कागदाच्या कपात."

ऑफिसातून उरलेल्या कागदी कपांचं एक पाकीट माझ्याकडे होतं. मी त्यातूनच चहा देत असे. एक कप कमी विसळावा लागे, पिऊन झालं की ते आपल्या कचऱ्यात टाकत. सोय होती. मी हे सगळं सांगायला सुरुवात केली आणि मधेच माझं मलाच ऐकू यायला लागलं. बॉयलरवाल्याला मी माझ्या मगमधून चहा दिला होता. त्याचेही हात मळलेले होते.

"माह्या मायले वरून ओतून देत होते, हात न लावता," काका म्हणाले. आवाज चढला नाही, हसूही तसंच होतं. "कागद म्हणजे तं मोठी प्रगती झाली. तुम्ही काहून तोंड पाडून राहिल्या? चहा चांगला करता तुम्ही. साखर कमी असते, बस."

त्या शनिवारी मी पोहे केले, टेबल पुसलं, अकरापासून दाराकडे कान ठेवून बसले. ते आले नाहीत. खिडकीतून दिसत होते. लॉनच्या त्यांच्या बाजूला कमरेवर हात ठेवून क्लोव्हरमधल्या माश्या बघत होते. मग आत गेले. मला राग आला. पोहे मी डब्यात भरून फ्रीजमध्ये टाकले आणि सोमवारी दुपारी खाल्ले. तोवर राग उतरला होता. दोन वर्षं वाट बघून ते मला एक शनिवार वाट बघायला लावत होते, तर हिशोब तसा माझ्याच बाजूने होता.

पुढच्या शनिवारी मी त्यांची बेल वाजवली. हातात काही नेलं नाही. नेलं असतं तर दारातच देऊन परत यायची सोय झाली असती.

"काका, मी आत येऊ का? चहा प्यायला."

ते दाराला हात लावून उभे राहिले. मग बाजूला झाले. "चपला तिथं काढा."

चहा त्यांनी केला. बशीसकट कप, बशीत दोन बिस्किटं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली काकूंचा. टीव्ही आवाज बंद करून चालू होता. आम्ही समोरासमोर बसलो. मशीनजवळ उभं असताना बोलणं आपोआप यायचं, इथे ते शोधावं लागत होतं. मी गुडघ्याचं विचारलं. त्यांनी मुलीचं विचारलं. चहात साखर भरपूर होती. मी सगळा प्यायले.

उठताना सवयीने कपबशी उचलली आणि सिंककडे वळले.

"ठेवा ते," काका म्हणाले. "माह्या घरी पाहुण्याले कप धुवाले लावत नाही."

मी ठेवली.

"पुढच्या शनिवारी येऊ?" मी विचारलं.

"पुढच्या शनिवारी माहा कार्यक्रम आहे."

"मग त्याच्या पुढच्या?"

"पाहू," ते म्हणाले, आणि मी चपला घालेपर्यंत दारात उभे राहिले.

गवत पोटरीपर्यंत आलं होतं. त्यात माश्या होत्या, म्हणून मी फुटपाथवरून वळसा घालून घरी आले. साडेअकरा वाजले होते. मी ओला कपडा घेतला आणि खिडक्या पुसायला लागले.