होले नासले तो शुक्रवार

कुवेतमध्ये मी एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. आमचे कुवेती साहेब, ज्यांना सगळे मुदीर म्हणत, सप्टेंबरात होले, म्हणजे रानकबुतरं, मारायला निघाले की मला सोबत नेत. बर्फ, सुऱ्या, फडकी, पिशव्या, सगळं यादीप्रमाणे भरून घ्यायचं काम माझं. त्या शुक्रवारी निमित्त वेगळं होतं. पोटाचं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या त्यांच्या वडिलांनी होले मागितले होते.

सकाळी सातलाच सौदी सीमेजवळच्या वफ्र्याच्या शेतांत अंगाची लाही होत होती. मुदीर आणि त्यांचा धाकटा भाऊ थांबतच नव्हते. बार उडाला की वरून पिसं आणि रक्त पडे. छर्ऱ्यांनी फुटलेले पक्षी वाळूत गरगरत, एका पंखावर सरपटत. आमचा रत्नागिरीचा ड्रायव्हर, मी त्याला चाचा म्हणे, ‘बिस्मिल्ला’ म्हणत त्यांच्या माना कापत सुटला. मी पोटं फाडत होतो. बोट घालून आतडी ओढायची, आतून पुसायचं, सावलीत निववायचं, मग पेटीत बर्फावरच्या जाळीवर ठेवायचं, म्हणजे मांस पाण्यात भिजत नाही. अकरा पक्षी साफ झाले तोवर ढीग माझ्या हाताबाहेर गेला.

“चाचा, बाकीचे पिशव्यांत भरा. घरी गेल्यावर साफ करू.”

हे मी म्हणालो. आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

चाचाने गरम पक्षी काळ्या पिशव्यांत दाबून भरले आणि दुहेरी गाठी मारल्या. “गाडीत डाग पडला तर मुदीर माझीच मान कापतील रे भाऊ!” पिशव्या तापलेल्या डिकीत गेल्या.

मुदीरांच्या एगैला भागातल्या घरी अंगणात पहिली गाठ सोडली तर तोंडावर वाफ आली. पोटं हिरवट पडली होती. छर्रे आतड्यांतून गेलेले, आतली घाण मांसात उतरलेली.

“फेकून द्या,” मी म्हणालो.

“वेडा झालास? साठ पक्षी आहेत!” धाकटा भाऊ ओरडला. “लिंबू, मीठ चोळ. मसाल्यात कळतही नाही.”

मी एक उचलला, सुरी खुपसली आणि छातीपासून खाली उभा चिरून त्याच्या नाकाशी धरला. काळं पाणी त्याच्या पांढऱ्या पायघोळ दिशदाशावर ओघळलं.

“हा बाबांच्या ताटात वाढू?”

त्याने माझी कॉलर धरली. चाचा ‘या अल्ला’ म्हणत मध्ये घुसला. मुदीरांनी भावाचा हात सोडवला, पिशवीत एकदा वाकून पाहिलं आणि स्वतःच ती फरफटत कचऱ्याच्या पेटीकडे नेली. मागोमाग बाकीच्याही. मांजरी तुटून पडल्या.

पेटीतले अकरा थंडगार होते. ते शिजले.

ताट समोर गेल्यावर म्हाताऱ्यांनी पक्षी मोजले. “दोन बंदुका, सबंध सकाळ, आणि एवढेच?” ते मुलांकडे बघत म्हणाले. “दगड मारले असते तरी जास्त पडले असते.”

मुदीर मान खाली घालून जेवत राहिले.